शपथेआधी मिरवलेला बिल्ला

मी एक बिल्ला बोलतोय. पाच टोकांचा, पितळी, मधोमध 'शेरीफ' आणि त्याखाली 'अँटलर क्रीक जिल्हा' असं कोरलेला. बिल्ल्याने तोंड उघडलं म्हणजे चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी निघणार असं तुम्हाला वाटलं असेल. तसलं काही माझ्याकडे नाही. माझी उभी हयात चाळून काढली तरी छातीवरचे जेमतेम दहा-बारा दिवस भरतील, आणि त्यातला एकही माझ्या हक्काचा नव्हता. सांगताना आजही मान खाली जाते. पण सांगतो.

आमच्याकडे शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, लोकांच्या मतांनी निवडून येतो. निवडणूक नोव्हेंबरात आणि शपथ जानेवारीच्या पहिल्या सोमवारी. मधले दोन महिने जुना शेरीफ खुर्चीवर असतो आणि नवा नुसता वाट बघत असतो. अभिनंदनं त्याची, हरलेल्यांच्या शिव्या त्याच्या, पण अधिकार रतीभर नाही.

माझा मालक आर्लो टॉर्गरसन. सोळा वर्षं डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, होता. वरिष्ठाच्या, म्हणजे शेरीफ ऑर्विल डेंटच्या विरोधात उभं राहायचं म्हणून नोकरी सोडली आणि वर्षभर मेहुण्याच्या दुकानात टायर बदलले. एक्केचाळीस मतांनी निवडून आला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोने, नेल्डाने, मला घडवायला टाकलं. इथे पहिला बिल्ला बायकोने आपल्या हाताने लावायची रीत आहे.

मी आलो तेव्हा नेल्डाने मला शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि दम भरला, "पहिल्या सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

"मी काय लहान पोर आहे का?" आर्लो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या छातीवर होतो. आधी नुसता आरशासमोर. मग जाकिटाच्या आत, कुणाला दिसू नये असा, आणि लवकरच कुणाला तरी दिसावा असा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, ते बाशिंग म्हणजे मी. एका सकाळी हॉटेलात कॉफी ओतता ओतता मालकीणबाई म्हणाल्या, "आर्लो, जाकिटातून काय चमकतंय रे? ग्रेव्ही सांडलीस की काय?" सगळं हॉटेल खो खो हसलं. आर्लोही हसला आणि त्याने जाकीट आणखी दोन बोटं उघडलं. खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या होत होत्या.

डिसेंबरात गावातून घोडे वाहून न्यायची ट्रॉली चोरीला गेल्याची हाकाटी झाली. पांढऱ्या गाडीने ओढून नेली म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी आर्लो टायर पोचवून परत येत होता आणि समोरून एक पांढरी पिकअप भरधाव गेली. आर्लोने गाडी वळवली, तिला गाठलं आणि खिडकीतून मला बाहेर धरून हलवलं. पिकअप लगेच बाजूला थांबली.

आत बासिलिओ अरेदोंडो होता. साखर कारखान्यावर बावीस वर्षं बीट वाहणारा. पण त्या दिवशी अंगात काळा सूट, गळ्यात टाय. शेजारी बायको चायो, निळ्या पोशाखात, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला तमालांचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांचा, डबा.

"ट्रॉली कुठं लपवलीस?" आर्लोने दरडावलं.

"कसली ट्रॉली, साहेब? अकराच्या आत शहरातल्या कोर्टात पोचायचंय आम्हाला. आज माझी नागरिकत्वाची शपथ आहे. हे बघा पत्र."

"पत्र नंतर बघू. खाली उतर आणि हात गाडीवर ठेव."

तो उतरला. थंडीने लोखंड चावत होतं, तरी त्याने दोन्ही हात गाडीच्या बॉनेटवर ठेवले आणि काढले नाहीत. सगळा वेळ तो आर्लोच्या तोंडाकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. अनोळखी टायरवाल्याचं त्याने ऐकलं नसतं. त्याने ऐकलं ते माझं. मी एवढा मोठा खोटारडेपणा करतोय हे मला कळत होतं, आणि मी उन्हात नुसता चमकत होतो.

आर्लोने ठाण्याला फोन लावून डेप्युटी बोलावला. यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात चायो खिडकीतून माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "साहेब, ह्याच्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा अजून काढलेला नाही तुम्ही."

खरंच होतं. दुकानातून येताना ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला तो पापुद्रा नेल्डा सोमवारी काढणार होती. आर्लोचा चेहरा लालबुंद झाला. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते मला त्या दिवशी समजलं.

डेप्युटी विल्मा स्ट्रॅटन आली. वीस वर्षांची नोकरी. नवा शेरीफ आला की इथे जुन्या माणसांची नेमणूक आपोआप संपते; पुढे कुणाला ठेवायचं ते नव्याच्या मर्जीवर. म्हणजे विल्माची भाकरी आर्लोच्याच हातात होती. तिने एकदा बासिलिओकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आर्लो, आज तू कोण आहेस?"

"अगं, पांढरी गाडी..."

"ट्रॉली काल संध्याकाळीच सापडली. मालकाचा मेहुणा न विचारता घेऊन गेला होता. जानेवारीत मला ठेव नाहीतर घरी बसव. पण आज तू टायरवाला आहेस, आणि ह्या माणसाला अडवायचा तुला काडीचाही हक्क नाही." मग ती बासिलिओला म्हणाली, "काका, हात काढा. निघा तुम्ही. जपून चालवा."

ते पोचले तेव्हा शपथ होऊन गेली होती. पुढची तारीख मार्चची मिळाली.

आर्लोने मला परत डब्यात टाकलं. आठ दिवस जीव मुठीत धरून बसला. बासिलिओने तक्रार केली असती तर त्याची शेरीफकी शपथेआधीच बुडाली असती. तक्रार आलीच नाही. "भला माणूस आहे. माफ केलंन बिचाऱ्याने," आर्लो नेल्डाला म्हणाला, आणि त्या रात्री पोटभर जेवला.

विल्माने त्याला रस्त्यात गाठून सांगितलं, "माफ बिफ काही केलेलं नाही. तो घाबरलाय. शपथ व्हायची आहे, त्याआधी पोलिसात आपलं नाव नको म्हणून गप्प बसलाय. तक्रारदार म्हणूनसुद्धा नको. मी गेले होते त्याच्याकडे. दार अर्धंच उघडलं त्याने."

त्यानंतर आर्लो जेवेना. स्वतःच ऑर्विल डेंटकडे गेला. ज्याला हरवलं त्याच्याच समोर बसून सगळा प्रकार आपल्या हाताने लिहून दिला.

डेंटने कागद दोनदा वाचला. "हे घेऊन मी सरकारी वकिलाकडे गेलो तर?"

"जा," आर्लो म्हणाला.

डेंट गेला. वकिलाने आर्लोला बोलावून यथेच्छ झापलं आणि ताकीद लिहून दिली. खटला मात्र भरला नाही. पहिल्या सोमवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर आर्लोने शपथ घेतली आणि जमलेल्या गावासमोर बासिलिओचं नाव न घेता सगळं सांगितलं. हॉटेलवाल्या बाईसुद्धा हसल्या नाहीत. नेल्डा मला घेऊन पुढे आली तेव्हा तो म्हणाला, "आज नको. ज्याची शपथ मी चुकवली, त्याची होऊ दे आधी." विल्माला त्याने पहिल्याच दिवशी कामावर ठेवलं.

मार्चात तो बासिलिओच्या दारात गेला, टोपी हातात धरून. "मी नेतो तुम्हाला. दोन तास आधी निघू."

"आमची गाडी आहे," बासिलिओ म्हणाला.

"मग मी मागून येतो."

आणि तो आला. कोर्टात मागच्या बाकावर बसला. मी त्याच्या खिशात होतो. शंभरेक माणसांनी उजवा हात वर केला आणि बासिलिओचा आवाज मला त्यात स्पष्ट ऐकू आला. बाहेर आल्यावर आर्लोने मला पुढे केलं. "तुमच्या हाताने लावाल?"

बासिलिओने मला घेतलं. बोटाने टोकं चाचपली. "शेरीफसाहेब, माझे हात ह्याच्यामुळे बॉनेटवर होते. हा मी कुणाच्या छातीवर लावणार नाही. तुम्ही दुसरा घ्या."

त्याने मला आपल्याच कोटाच्या खिशात टाकलं. चायोने डबा उघडला आणि न विचारता एक तमाल आर्लोच्या हातावर ठेवला. तिघांनी गाडीला टेकून, एकमेकांकडे न बघता खाल्लं.

आता मी अरेदोंडोंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेला असतो. शेजारी काचेच्या चौकटीत बासिलिओचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. त्याने बावीस वर्षं वाट बघितली, आणि माझ्या मालकाला दोन महिने धीर धरवला नाही. मी अजून बिनशपथेचाच आहे.

शेरीफ आर्लो कधीमधी कॉफीला येतो. छातीवर दुसरा, साधा बिल्ला असतो. बसताना तो नेहमी माझ्याकडे तोंड करून बसतो. पाठ करून बसला असता तर मला बरं वाटलं असतं.

एकच मागणं आहे. चायो दर शनिवारी प्रमाणपत्राची काच पुसते आणि त्याच फडक्याने माझ्यावरूनही हात फिरवते. बाई, तेवढं नको. काच खुशाल पुस. मला मात्र काळं पडू दे.