वकीलबाईंच्या हिरवळीवर

आत्याला कोणाचंच काम पसंत पडत नसे. आसपास कोणी बागेत माती टाकून घेतली की ती संध्याकाळी फिरायच्या निमित्ताने निघायची आणि त्या घराच्या कुंपणावरून डोकावून यायची. परत आली की पायातल्या चपला काढायच्या आधीच तोफ सुरू.

"बघून आले. गवताची नुसती नांगरट केलीय मेल्यांनी. वळायचं कसं ते माहीत नाही, जागच्या जागी गरकन फिरवलाय ट्रॅक्टर. आणि मालकाला सांगतायत, जमीनच भुसभुशीत आहे म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं."

"आत्या," भाचा म्हणायचा, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं झालंय तुझं."

"माझ्याकडे झाकायला आहे काय?" आत्या विचारायची, आणि खरं सांगायचं तर तसं काही नव्हतंच.

कारण आत्याचं काम खरोखरच चोख होतं. बंगल्यांच्या बागा करून देण्याचा हा धंदा तिने आणि तिच्या भावाने मिळून उभा केला होता. भाऊ गेला, त्याचा मुलगा गिऱ्हाइकं सांभाळू लागला, पण छोट्या ट्रॅक्टरची सीट आत्याने कोणाला दिली नाही. ट्रॅक्टर म्हणजे तरी केवढा, बंगल्याच्या फाटकातून आरामात आत जाईल एवढा. पुढे माती उचलायची बकेट, मागे तोल राखायला लोखंडी वजन. त्याची किल्ली ती गळ्यात दोरीला बांधून ठेवायची. लोक गळ्यात काय काय घालतात, त्यापेक्षा हे बरं, असं तिचं म्हणणं.

अलीकडे मात्र तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. क्लचवरचा पाय एकदा दगा देऊन गेला आणि बकेट एका फाटकाच्या खांबाला घासली. तेव्हापासून भाच्याने नवीन सूर लावला होता. आत्याने आता देखरेख करावी आणि ट्रॅक्टर त्याच्या बायकोने चालवावा. ती रिकाम्या आवारात शिकली होती, हातही बरा बसला होता.

"ती?" आत्या म्हणाली. "जिला डब्याचं झाकण सरळ लावता येत नाही, ती?"

सूनबाई शेजारीच उभी होती. ती हसली. तिला कशानेही हसू यायचं आणि आत्याला त्याचाच संताप यायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं ती सूनबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. सूनबाई त्यालाही हसायची.

असं सगळं चालू असताना वकीलबाईंचं काम आलं. त्यांना घरामागची उतरती जमीन भरून, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची बाग करून हवी होती. मागे जायला वाट एकच, पुढच्या हिरवळीवरून. बाजूच्या बोळात पाण्याची टाकी आडवी आलेली. आणि ती हिरवळ म्हणजे वकीलबाईंचा जीव. आधीच्या ठेकेदाराने तिच्यावर शेतातला मोठा ट्रॅक्टर घालून दोन चाकोऱ्या पाडल्या होत्या, आणि त्या भरून यायला किती दिवस लागले ते वकीलबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

"हे असं पुन्हा होणार असेल तर आत्ताच सांगा," त्या व्हरांड्यातून म्हणाल्या.

भाचा काही गुळमुळीत बोलणार तेवढ्यात आत्या पुढे झाली. "बाई, ते शेतात चालवायचे टायर होते, खोल खाचांचे. ते गवतावर घालणाऱ्याला शिक्षाच करायला हवी. माझे रुंद आहेत, गुळगुळीत. मी तुम्हाला सांगते, काम संपल्यावर माझ्या चाकाचा एक माग जरी या गवतावर दिसला, तर मी या सीटवरून उतरेन आणि पुन्हा चढणार नाही." मग ती मागे वळून भाच्याला म्हणाली, "आणि नाही दिसला, तर पुन्हा माझ्या गुडघ्यांचं नाव काढायचं नाही. कबूल?"

भाच्याने बायकोकडे पाहिलं, वकीलबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. आता सगळ्यांना ठाऊक झालं की इथे नुसती बाग व्हायची नव्हती.

काम सुरू झालं. सकाळी आत्या आधी गवतात टाच रुतवून बघायची. ओल लागली तर ट्रॅक्टर सुरूच करायची नाही, मग भाचा कितीही चुळबुळ करो. टायरमधली थोडी हवा तिने काढून टाकली होती, म्हणजे चाक गवतावर पसरून बसेल. बकेट अर्धीच भरायची आणि जमिनीलगत ठेवायची. प्रत्येक खेपेला वाट थोडी बदलायची, म्हणजे एकाच जागेवर भार येणार नाही. वळण ऐसपैस घ्यायचं. नवशिके वळताना स्टिअरिंगशी झटापट करतात, आत्या ते पिठाच्या गोळ्यासारखं हळूहळू फिरवायची.

दोन जागा मात्र अडचणीच्या होत्या. फाटकातून आत शिरल्याबरोबरची, आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी घराच्या कोपऱ्याला वळायची. तिथे वाट बदलायला जागाच नव्हती. म्हणून तिथे आत्याने प्लायवुडच्या जाड फळ्या अंथरल्या. कशा अंथरल्या ते बघण्यासारखं होतं. फळीला फळी भिडवून, कडा जुळवून, एकही डगमगणार नाही अशा. स्वतः त्यांच्यावरून चालून आली, मग एक काढून पुन्हा लावली.

पहिल्या दिवशी काम आटपलं तेव्हा सूनबाई मागच्या अंगाला दंताळ्याने माती पसरून, हात झटकत पुढे आली.

"आत्या, या फळ्या रात्री उचलून ठेवू या का? खाली गवत आहे ना."

"हो का? मला वाटलं खाली गालिचा आहे."

"नाही, म्हणजे ऊन केवढं आहे. दिवसभर तापतात त्या. आमच्या घरी एकदा अंगणात गादी वाळत टाकली होती ती विसरली, तर खालचं गवत..."

"गादी!" आत्याने आभाळाकडे बघितलं. "आता गाद्या वाळत घालणारे मला ट्रॅक्टर शिकवणार. फळ्या बसवायला किती वेळ लागला बघितलास? रोज उचला, रोज मांडा, त्यापेक्षा सर्कस काढू."

सूनबाई हसली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या नळावर पाय धूत असताना तिने खरोखरच एक फळी कडेने उचलली. आत्याने लांबूनच हाक फोडली.

"ठेव खाली! मी नेमकी जमवलेली जागा आहे. मला उतरवायची एवढी घाई झालीय होय तुला?"

हे आत्याच्या तोंडून निसटलं, आणि निसटल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं नाही. सूनबाईचं हसू पहिल्यांदाच मावळलं. तिने फळी होती तशी ठेवली. त्यानंतर काम संपेपर्यंत तिने फळ्यांकडे वळूनही पाहिलं नाही, आणि इतर कोणी पाहायचा प्रश्नच नव्हता.

ऊन असं होतं की दुपारी फळीवर हात टेकवत नव्हता. आत्याला त्याचंही कौतुक वाटलं. म्हणाली, "बघा, किती कोरडं ठेवलंय खाली."

शेवटची माती पडली, बांध उभा राहिला, आणि वकीलबाई पाहणीसाठी व्हरांड्यातून खाली उतरल्या. त्यांनी हिरवळीची एक फेरी मारली. वाकून पाहिलं. उन्हाच्या बाजूने पाहिलं, सावलीच्या बाजूने पाहिलं. गवत सरळ उभं होतं. जणू कोणी त्यावरून पायीसुद्धा गेलं नव्हतं.

"मानलं," वकीलबाई म्हणाल्या.

आत्याने भाच्याकडे अशी नजर टाकली की त्याला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. मग ती रुबाबात म्हणाली, "उचला आता फळ्या."

भाच्याने पहिली फळी उचलली आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

खाली गवत नव्हतं असं नाही. होतं, पण हिरवं नव्हतं. शिजून चपटं झालेलं, पिवळट पांढरं, आणि त्याला कुबट वास येत होता. दुसरी फळी उचलली, तिसरी उचलली. हिरव्यागार गवतात फाटकापाशी आणि पायऱ्यांपाशी पिवळे चौकोन उमटले, एकाला एक भिडलेले, कडा अगदी जुळवलेल्या. फळ्या इतक्या नेमक्या बसवल्या नसत्या तर फटींतून थोडं गवत तरी जगलं असतं.

वकीलबाईंनी चष्मा सारखा केला.

"ट्रॅक्टर कुठून गेला ते मला अजूनही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "फळ्या कुठे होत्या ते मात्र गच्चीवरूनसुद्धा दिसेल."

"येईल हो परत," भाचा घाईघाईने म्हणाला. "मुळं जिवंत आहेत. रोज पाणी घातलं की..."

"येईलच. आधीच्या माणसानेही हेच सांगितलं होतं."

आयुष्यभर कुंपणांवरून डोकावून आत्याने जे जे ऐकवलं होतं ते सगळं तिला आता एकदम आठवत होतं, आणि त्यातला एकेक शब्द इथे चपखल बसत होता. आपण दुसऱ्या कोणाच्या बागेत हे पाहिलं असतं तर घरी जाऊन काय काय बोललो असतो! आठवडाभर पुरलं असतं. तिला लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत.

तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "पण चाकाचा माग एकही नाही. आत्यांनी शब्द चाकाचा दिला होता. फळ्यांचा नाही."

ती हसत नव्हती. चेष्टाही करत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि आत्याला नेमकं तेच सहन झालं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर आत्याने व्याजासकट परत केल्या असत्या.

"वकिली करायची तर या बाईंकडे नोकरी धर," ती म्हणाली. "शब्द कशाचा दिला होता ते माझं मला माहीत आहे."

तिने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. ती केसांत अडकली, तशी ओढून काढली. किल्ली सूनबाईपुढे धरली.

"सीट पुढे घे, तुझे पाय आखूड आहेत. आणि हसू नकोस."

"नाही हसत, आत्या."

सूनबाई चढली. बकेट खाली घेतली आणि ट्रॅक्टर घरामागून काढला. फळ्या आता नव्हत्याच. जमीन कोरडी होती. कोपऱ्यावरचे पिवळे चौकोन तिने अलगद ओलांडले, गवताच्या मधोमध ऐसपैस वळण घेतलं, आणि हळूहळू फाटकाकडे निघाली. स्टिअरिंगवरचे हात आत्याचेच असावेत असे फिरत होते. कधी बघून घेतलं होतं तिने हे सगळं? माती पसरता पसरता?

आत्या मागोमाग चालू लागली. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, चाकांमागची एकेक वीत ती तपासत गेली. तिला एक ओरखडा हवा होता. लहानसा चालला असता. एखादं उपटलेलं पातं, वळणावर थोडीशी घसपट. मनातल्या मनात ती त्यासाठी नवससुद्धा बोलली असती. फाटकापर्यंत ती तशीच वाकून गेली आणि तिला काही सापडलं नाही.

"सापडलं का गं काही?" भाच्याने विचारलं. चिडवायला नव्हे, सवयीने.

आत्या कमरेवर हात देऊन सरळ झाली. बाहेर ट्रॅक्टर त्याची ने-आण करायच्या ट्रेलरवर चढल्याचा आवाज आला, एका दमात. तिने डोळे पुसले आणि ऊन फार आहे असं पुटपुटली.

मग तिची नजर कडेला गेली. भाच्याने उचललेल्या फळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. नीट, कडा जुळवून. आणि कुठे, तर हिरवळीवरच, भर उन्हात.

तोंडापर्यंत आलेला शब्द आत्याने गिळला. ती गेली, वाकली आणि वरची फळी उचलून काखेत मारली. फाटकाबाहेर नेऊन ठेवली, आणि दुसरीसाठी परत आली.