वनमालाबाईंची नजर

कुसुमची तान्ही पोर न्यूमोनियाने गेली. जन्मल्यापासून तिला रोज न्हाऊ-माखू घालत होत्या त्या शेजारच्या वनमालाबाईच. कुसुमचं माहेर दूर कवर्ध्याकडे, सासूचे गुडघे धरलेले. म्हणून वनमालाबाई सकाळी तिकडे जायच्या, पोरीला पायांवर पालथी घेऊन तेल जिरवायच्या आणि म्हणायच्या, "किती गोड आहे माय! कोणाची नजर न लागो."

पोर गेल्यावर गल्लीने नेमकं हेच वाक्य उचललं.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. नवरा शालिग्राम रेल्वेत होते तेव्हा त्यांनी शहराच्या कडेला भनपुरीत हे घर बांधलं. तेव्हापासून सगळी हिंदी बोलणारी गल्ली वनमालाबाईंना काकी म्हणायची. आता त्या नळावर आल्या की बायका आपापली लेकरं मागे ओढू लागल्या. आषाढ सरताना हरेलीचा सण आला. घरात वाईट शिरू नये म्हणून त्या सकाळी दारोदार कडुलिंबाच्या डहाळ्या खोचतात. गल्लीतलं एक दार तेवढं सुटलं.

"आपल्याच दाराले काहून नाही लावला लिंब?" त्यांनी मुलाला, सचिनला विचारलं.

त्याची बायको पूर्णिमा पोटुशी होती, उत्तर तिने दिलं, "आई, ते लोक तुमाले टोनही म्हणून राहिले."

टोनही म्हणजे नजरेने लेकरं खाणारी बाई. खेड्यात असल्या बायांचे केस कापून गावभर फिरवल्याच्या बातम्या वनमालाबाईंनी चहा पिताना वाचल्या होत्या, हळहळल्याही होत्या. त्या बाया कशा दिसत असतील, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"मी ठाण्यात जातो," सचिन म्हणाला. "कायदा आहे याच्यासाठी."

"नाव कोणाचं सांगशील? माह्या तोंडावर कोणी म्हटलं काय?"

विषय तिथेच राहिला, पण वनमालाबाईंच्या डोक्यात तो वाढत गेला. माहेरी भाचा दगावला, त्याच्या बारशाला त्यांनीच त्याला मांडीवर घेतलं होतं. शालिग्राम शेवटचे आजारी पडले त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, तब्येत छान झाली तुमची. आजवर कधी न जोडलेल्या गोष्टी आता आपोआप जोडल्या जाऊ लागल्या. एकदा त्यांनी अंगणातल्या मिरचीच्या रोपाकडे मुद्दाम टक लावली. रोज तिथेच बसायच्या, पाहायच्या. पावसाळ्यात मिरचीला चुरडामुरडा येतोच, पानं आकसली. त्यांनी रोप उपटून कुंपणापलीकडे फेकलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून पूर्णिमाला वाढतानाही त्या तिच्या पोटाकडे बघेनात.

एका दुपारी पाऊस नुकताच उघडला होता. समोर अर्धवट बांधलेल्या घराचा पाण्याचा हौद तुडुंब भरला होता. वनमालाबाई खिडकीत होत्या. कुसुमचा थोरला, चिराग, चार वर्षांचा, हौदाच्या काठावर चप्पल पोहवत होता.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना वाटलं, आपण बघितलं की तो पडेल. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पाण्याचा आवाज झाला.

मग मात्र त्या धावल्या. हौदात कमरेपर्यंत उतरून त्यांनी पोराला दंडाला धरून वर ओढलं. तो खोकला, रडू लागला. गल्ली गोळा झाली. कुसुमने त्याला हिसकून घेतलं आणि मागे कोणीतरी म्हणालं, "पहले गिराती है, फिर निकालती है."

संध्याकाळी कुसुम मागच्या दाराने एकटीच आली. चौकटीतच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काकी, मैं किसी की नहीं सुनती. बस आप एक बार बोल दो. मेरी मुन्नी को आपने कुछ नहीं किया था न?"

एक शब्द पुरला असता. वनमालाबाईंच्या ओठांवर 'नाही' आलंही होतं. पण मघाचे मिटलेले डोळे आठवले, पाण्याचा आवाज आठवला.

"मले नाही माहीत, कुसुम," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं शेजारी राहून कुसुमला एवढं मराठी कळत होतं. ती दोन पावलं मागे सरली आणि पळाली.

अंधार पडायच्या आत 'टोनहीने कबूल केलं' हे गल्लीभर झालं. दारावर माणसं जमली, एक वीट खिडकीतून आत आली. सचिनने पोलीस बोलावले. पोलिसांनी लोक हटवले, चार जणांना दम दिला. महिना संपायच्या आत सचिनने शहराच्या दुसऱ्या भागात, समता कॉलनीत भाड्याचं घर पाहिलं. तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरची बाई आपलं नातवंड दाखवायला वर आली, तेव्हा वनमालाबाई बाथरूममध्ये जाऊन बसल्या.

पूर्णिमाचे दिवस भरत आले तशा त्या गोंदियाला बहिणीकडे जायला निघाल्या.

"आई, मी मानत नाही ते सगळं," पूर्णिमा रडकुंडीला येऊन म्हणाली. "मले तुमीच पाहिजे."

"तू मानत नाही, बाई. मी मानून राहिली, त्याचं काय करू?"

मुलगी झाली. सचिनने दवाखान्यातूनच व्हिडिओ कॉल लावला. बहिणीने फोन वनमालाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर उपडा ठेवला आणि छताच्या पंख्याकडे पाहत राहिल्या.

"आई, दिसते का? पाह्य ना, नाक अगदी बाबांसारखं आहे!"

"हव," त्या म्हणाल्या. "दिसून राहिलं."