चकचकीत झाकण

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही काडीचाही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आजवर कुणी ठेवलेला नाही. मी एक जुनी, उघड्या टपाची मोटार आहे. माझ्या डोक्यावर पत्रा नाही, कापडी टप आहे. दोन खटके सोडले की तो मागे दुमडतो आणि वर थेट आभाळ. ऐन उमेदीत मी अशी पळायचे, की माझी सावली दुसऱ्या दिवशी दुपारी धापा टाकत घरी पोहोचायची. एकदा तर उतारावर एक ढग माझ्या मागच्या सीटवर येऊन बसला आणि पुढच्या चौकात आभारही न मानता उतरून गेला. सीट मात्र चिंब!

"ढग कुठला? डॉक्टर टप टाकायला विसरले होते आणि पाऊस आला होता," माझ्या शेजारची स्कूटर म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती आमच्या मिस्त्रींची स्कूटर. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने आम्हा दोघींना विकत घेऊन या पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभं केलं आहे. माझ्या प्रत्येक वाक्यात खोट काढायची तिला खोड आहे.

माझे मालक दातांचे डॉक्टर होते. मी त्यांच्याकडे आले तीच मुळी दोन मालकांकडे झिजून, खोकत खोकत. त्यांनी मला मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक माझ्या इंजिनाला लावलं, दुसरं स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणते, मालक बोलतो फार, तेल घालतो कमी."

त्या दिवसापासून त्यांची मैत्री जमली ती तीस वर्षं टिकली. दर रविवारी दोघे माझ्यावर ओणवे. डॉक्टर दवाखान्यातला दात बघायचा इवलासा आरसा घेऊन यायचे आणि जिथे डोळा पोहोचत नाही अशा माझ्या सांदीकोपऱ्यांत तो घालून मिस्त्रींना दाखवायचे. "ही बघ, हिची अक्कलदाढ किडली," असं म्हणायचे. मिस्त्री माझे प्लग घासायचे, पाण्याचे पाइप दाबून बघायचे, टपाच्या शिवणींना मेण लावायचे. ओला टप कधी दुमडायचा नाही, नाहीतर कापड कुजतं, हे त्यांनी डॉक्टरांच्या घरातल्या प्रत्येकाकडून वदवून घेतलं होतं. रस्त्यात लोक थांबून मला बघायचे. मीही जरा हळूच जायचे, बघू देत म्हणून.

आणि मग ते झाकण आलं.

डॉक्टरांच्या वाढदिवसाला बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या पेट्रोलच्या टाकीसाठी नवं झाकण आणलं. चांदीसारखं लखलखीत, आतून जाड रबर. "म्हातारीला एवढा एक दागिना," त्या म्हणाल्या. माझं जुनं झाकण काळं पडलेलं, पोचे आलेलं. ते गेलं अडगळीत. पण मित्रांनो, त्या जुन्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होई, तशी त्या भोकातून बाहेरची हवा आत येई. माझा श्वासच होता तो. नव्या झाकणाला भोक नव्हतं.

सात-आठ मैल मी नीट जायचे. मग टाकीत हवा कमी पडायची, पेट्रोल पुढे सरकेना, आणि मी भर रस्त्यात आचके देत बंद. अर्धा तास उभी राहिले, कुठून तरी थोडी हवा आत झिरपली, की पुन्हा चालू. जसं काही झालंच नाही!

डॉक्टरांनी मला मिस्त्रींकडे नेलं. आता मिस्त्रींचा स्वभाव बघा. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर ते झाकण काढलं. "वहिनींनी हौसेने आणलंय, इथे पान्याचा ओरखडा पडायला नको," असं म्हणून स्वच्छ रुमालात गुंडाळून खणात ठेवलं आणि टाकीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. कापडातून हवा जाते. त्यांनी मला वीस मैल पळवलं, घाट चढवला, उतरवला. मी वाऱ्यासारखी गेले. परत देताना त्यांनी रुमालातून झाकण काढलं, पुसलं आणि घट्ट लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी बंद.

असं तीनदा झालं. मिस्त्रींनी कॉइल बदलली, पंप खोलला, कार्ब्युरेटर धुतला. दर वेळी झाकण रुमालात, दर वेळी बोळा.

"अरे, पण तुझ्याकडे ही शहाण्यासारखी वागते कशी?"

"मलाही तेच कळेना, डॉक्टर. शपथेवर सांगतो, वीस मैल गेली."

मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण मी सांगणार कशी? आणि खरं सांगू? ते झाकण मला आवडलं होतं. सिग्नलला शेजारची पोरं त्यात तोंड बघून केस सारखे करायची.

डॉक्टरांची एकुलती एक मुलगी परदेशी नोकरीला निघाली. सामान घेऊन ती मैत्रिणींबरोबर पुढे स्टेशनवर गेली. डॉक्टर आणि बाई तिला निरोप द्यायला मागून माझ्यातून निघाले. नदीच्या पुलावर मी थांबले. त्यांनी हँडल मारलं, ढकललं, हात जोडले. पुलावरून त्यांना लांबवर आगगाडी जाताना दिसली. बाई पदर तोंडाला लावून माझ्या पायरीवर बसल्या. मुलगी पुढे तीन वर्षं आली नाही.

तिथून डॉक्टर मला ओढून थेट गॅरेजवर घेऊन गेले. चार कामगार होते, दोन गिऱ्हाइकं होती.

"लोक म्हणायचे, तुम्ही चांगले भाग काढून दुसऱ्यांच्या गाड्यांना लावता. मी भांडायचो त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले. "आज पटलं."

'तुम्ही' म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मिस्त्रींनी हात पुसले. पुसतच राहिले. मग किल्ली माझ्या बॉनेटवर ठेवली. "घेऊन जा, डॉक्टर," एवढंच बोलले.

पुढे दुसरे मेकॅनिक आले. त्यांनी निम्मं इंजिन बदललं, झाकणाला कुणी हात लावला नाही. डॉक्टरांनी मला घराच्या मागे नेऊन उभं केलं. टप ओलाच दुमडला गेला आणि कुजला. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. रविवारी डॉक्टर तो इवलासा आरसा हातात घेऊन बाहेर यायचे, माझ्याभोवती एक चक्कर मारायचे आणि आत जायचे. आरशात बघायला माझ्यात तसं काही उरलंच नव्हतं.

पण मित्रांनो, रडू नका. शेवट गोड झाला! एका सकाळी मिस्त्री फाटकातून ताठ मानेने आत आले. माझ्या टाकीचं झाकण फिरवलं, तर सुस्स करून अशी हवा आत गेली की अंगणातल्या दोरीवरचे सदरे खेचले गेले. मिस्त्री इतके हसले की शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या. डॉक्टर बनियनवरच पळत आले, "चुकलो रे बाबा!" म्हणून त्यांच्या गळ्यात पडले. झाकणाला तिथेच भोक पाडलं, दोघे माझ्यात बसले आणि आम्ही जे निघालो, ते थेट समुद्रापर्यंत! म्हणून मित्रांनो, यंत्र असो की माणूस, त्याची काळजी घेताना आपण नेहमी–

"पुरे! खोटं आहे हे."

स्कूटर एवढ्या मोठ्याने बोलली की शेड घुमली.

"ढगाचं सांग, सावलीचं सांग, मी ऐकून घेते. हे सांगू नकोस. त्या सकाळी त्यांना फाटकापर्यंत मीच आणलं होतं. गॅरेजमध्ये तेलाचा नवा डबा उघडताना त्यांनी एकच भोक पाडलं, तर तेल येईना. हवेसाठी दुसरं भोक पाडायला दाभण टेकवलं आणि तसेच मटकन खाली बसले. मग दाभण खिशात घालून मला काढलं. सगळा रस्ता हसत होते गं. फाटकाशी आले तर व्हरांड्यात बाई मुलीचं पत्र वाचत बसलेल्या. हे थांबले. मला म्हणाले, मलाच, दुसरं होतं कोण तिथे? म्हणाले, 'पोरीची भेट वहिनींच्या झाकणामुळे चुकली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा मी चोर बरा.' तू घराच्या मागे होतीस, तुला काय दिसणार? त्यांनी मला वळवलं. पण चालू नाही केलं. आवाज होऊन बाईंनी वर बघू नये, म्हणून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेलं."