शेंदऱ्याचं बुटकं कलम

आरोंद्याचे सत्यवानकाका आणि त्यांचा शेंदऱ्या, दोघेही उंच, ताठ आणि सहजी हाताला न लागणारे. शेंदऱ्या म्हणजे परसातला रायवळ आंबा. तसला दुसरा पंचक्रोशीत नव्हता. काका वर चढून घळीने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, फळं उतरवायचे आणि खाली सुगंधाकाकी टोपली धरून मान अवघडेपर्यंत वर बघत उभ्या राहायच्या. फांदीवरून शेजारच्या तीन परसांतली भांडणं दिसत. त्यांचा जमाखर्च काका जेवताना मांडत.

एका वादळात शेंदऱ्या मुळासकट आडवा झाला. मागे एकच कलम उरलं. पुतणी ऋता आंब्यावर संशोधन करते. बुटकी झाडं मिळवण्यासाठी तिने शेंदऱ्याच्या काड्यांना गॅमा किरण दिले होते आणि त्यातल्या एकीचं कलम बांधून ते काकांच्या दारात लावलं होतं.

कलम वर जाईना. काकांनी त्याला काठीशी बांधलं, बाजूच्या फांद्या छाटल्या. एक छाटली की चार फुटत. शेवटी ऋताने त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली.

"काका, शेंड्यात एक रस तयार होता. तो खाली उतरता आणि खालच्या डोळ्यांका गप्प ठेवता. किरणांनी त्येची वाट बिघडली असां आमका वाटता. म्हणान सगळेच डोळे फुटतत."

"म्हणजे थोरल्याचा कोणच ऐकणा नाय."

काकांना चार धाकटे भाऊ, त्यातला एक ऋताचा बाप. शास्त्र लगेच पटलं. पण किरणांनी चवही बिघडवली असेल, तर शेंदऱ्या कायमचा गेला.

"चव फळ लागल्यावरच कळतली," ऋता म्हणाली.

यंदाच्या मे महिन्यात आंबे पिकले, कमरेच्या उंचीवर. काका सवयीने घळ शोधायला गेले; परत येईपर्यंत काकींनी उभ्या उभ्या एक तोडून चोखायला घेतला होता. काकांच्या आधी, जन्मात पहिल्यांदा. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काकी निवांत.

"गो, सांग तरी."

"तुमी झाडार बसान पयलो आंबो खाय होतात, तेवा माका कधी सांगलात?"

मग उरलेला अर्धा त्यांनी पुढे केला. काकांनी तो चोखला, आणि विहिरीजवळच्या दगडी दोणीतल्या पाण्यात आंबे बुडवून भोवती बसलेली पाच भावंडं, कोपरापर्यंत ओघळणारा रस, शेवटी जिभेवर राहणारी ती किंचित तुरट कड, सगळं जागच्या जागी आलं.

"तोच आसा," ते हळूच म्हणाले.

"तर मग दुसरो अख्खो माझो," काकी म्हणाल्या आणि फांदीकडे वळल्या.