चकतीखालचा आवाज

रात्रपाळी करून महेंद्र सकाळी साडेआठला बोल्हेगावच्या घरी आला, तेव्हा त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या: चहा आणि झोप. पण बायकोने, प्रज्ञाने, त्याला दारातच गाठलं. "आधी ते कपडे धुवायचं मशीन बघा. लई खडखडतंय. खालच्या लंकाबाई दोनदा वर येऊन गेल्या."

महेंद्रला मशीन उघडायची भीती नव्हती. नागापूरच्या एमआयडीसीत बावीस वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर काढलेल्या माणसाला ते खेळणंच. अडचण निराळी होती. ती खडखड त्याला ऐकूच येणार नव्हती. दिवाळीपासून त्याच्या कानांनी एकेक आवाज सोडून दिला होता. कुकरची शिटी, मोबाईलची रिंग, सगळं; समोरून बोललेलं तेवढं कळायचं. सोमवारी कंपनीत कानांची तपासणी होती. नापास झाला की प्रेस सुटणार आणि गेटवर रजिस्टर घेऊन बसायची पाळी येणार. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रज्ञाला तर नाहीच.

बरं, दुखणं आपल्याच हाताने ओढवलेलं. कानात घालायला कंपनी बोळे द्यायची, दोरीला बांधलेले, नारिंगी. प्रेसवरचे जुने लोक ते खिशात ठेवत आणि साहेब दिसला की तेवढ्यापुरते घालत. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बिघडायच्या आधी आवाज बदलतो, कान बंद केले तर कळणार कसं, असं उस्ताद गहिनीनाथांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. महेंद्रने आवाजावरून कितीतरी डाय वाचवल्या. कान मात्र गेले.

"चालू कर," तो म्हणाला.

मशीन पाणी भरून फिरू लागलं. महेंद्रने मान कलती करून ऐकल्यासारखं केलं आणि हळूच झाकणावर तळवा ठेवला. तळव्याला लगेच कळलं.

"तळाशी काहीतरी आपटतंय," तो ऐटीत म्हणाला.

"अहो, ते तर मला चुलीपाशीबी कळतंय!"

पाणी सोडलं, ओले कपडे बादलीत काढले. तळातल्या चकतीचा मधला स्क्रू गंजून बसलेला. पायात गोळे, डोळ्यांवर झोप आणि निम्मा महेंद्र मशीनच्या आत. नको तो संसार, असं त्याला अगदी मनापासून वाटून गेलं. अखेर स्क्रू सुटला. पकडीने चकती ओढली तर खाली साबणाचा चिखल, एक बटण आणि सात-आठ लोखंडी टिकल्या. पत्र्याला भोक पाडलं की पडतात तशा, त्याच्याच खिशातून आलेल्या. त्यांच्यात गुंतलेले दोन नारिंगी बोळे.

"हे काय?" प्रज्ञाने विचारलं.

"कामावरचं हाय." त्याने बोळे घाईने खिशात कोंबले.

चकती बसवली, कपडे टाकले, झाकण लावलं, मशीन सुरू केलं. तळव्याला आता नुसती गुरगुर लागत होती.

"गेली बाई खडखड," प्रज्ञा म्हणाली.

महेंद्रला हायसं वाटलं. सोमवारीही असंच निभावून नेऊ. आवाज आला की बटण दाबायचं असतं ना? तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघून दाबू. अशा विचारात तो मोरीवर हात धुऊन आला. प्रज्ञा मशीनपाशीच उभी होती. थोडी शेखी मिरवावी म्हणून तो म्हणाला, "ऐक, कसं मऊ चालतंय आता. आवाज म्हणून न्हाई."

प्रज्ञा त्याच्याकडे बघतच राहिली. तेव्हा त्याचं लक्ष वर गेलं. पंख्याची पाती थांबलेली होती.

"लाईट गेलीय," ती म्हणाली. "तुमी हात धुवत हुता तवाच."

मग मान खाली घालून तिने काहीतरी विचारलं. त्याला फक्त ओठ हललेले दिसले.

"काय?"

ती पुढे आली, अगदी समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाली, "कधी... पासून?"

"दिवाळीपासून." त्याला भयंकर लाज वाटली, पण आता लपवायचंही त्राण उरलं नव्हतं. "सोमवारी तपासणी हाय. प्रेस जाईल बघ. ते बोळे कधी कानात घातलेच न्हाईत."

ती रडेल, नाहीतर भांडेल, असं त्याला वाटलं. तिने त्याच्या खिशात हात घालून ते बोळे काढले, नळाखाली चोळून चोळून धुतले, पदराला पुसले आणि दोरी त्याच्या गळ्यात अडकवली.

"आता काय उपयोग?" तो म्हणाला.

"माझा आवाज येतोय न्हवं अजून?"

त्याने मान डोलावली.

"मग तेवढा तरी राखा."