मागून टाचण्या

या फिरण्यातून शिंप्याला एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती: मुलगा शहरातून गावी परत कधी सोडणार, तो दिवस. त्या बदल्यात तो नदीकाठची अख्खी फरसबंद वाट तुडवायला तयार होता, तीही मुलाच्या जुन्या, एक नंबर मोठ्या बुटांत. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली होती. आता सुईत दोरा ओवायला कुणाच्या विनवण्या करायला नको होत्या.

"मग, दुकान कधी उघडू म्हणतोस?" कठड्याशी येताच त्यानं विषय काढला.

"बाबा, आधी ती बोट बघा."

शिंप्यानं बोट बघितली. "बघितली. तर दुकान..."

"आणि तो पूल! केवढा लांब आहे बघा!"

सून म्हणाली, "बाबा, हवा खा ना जरा. आल्यापासून आपलं दुकान, दुकान."

"खातोय की. पोट भरलं हवेनं."

बोटी मात्र संपायला तयार नव्हत्या. विषय काढला की एक हजर.

चौकापलीकडे बाजारपेठ सुरू झाली. काचेआड बिनडोक्याचे पुतळे शर्ट घालून उभे. शिंप्याला हे गिऱ्हाईक पसंत पडलं: बाही आखूड म्हणत नाही, उद्या या म्हटलं तर चिडत नाही. एका दुकानात शिरताच तो सवयीनं एका पुतळ्याच्या पाठीमागे गेला आणि खुदकन हसला.

"अरे, इकडे ये! पुढून बघ कसा अंगाबरोबर बसलाय, आणि मागं मूठभर कापड गोळा करून टाचण्या मारल्यात लबाडांनी!" नव्या डोळ्याला टाचणी न् टाचणी दिसत होती. "आपल्या दुकानात असलं काही..."

"दुकान गेलं, बाबा." मुलगा टाचण्यांकडेच बघत बोलला. "विकलं मी."

दुकान मुलाच्या नावावर होतं. शिंप्यानंच हौसेनं केलं होतं, पाटीसकट.

"आणि मशीन?"

"मशीनसकट."

"मला विचारायचंस तरी."

"मग डोळा कशातून झाला, बाबा? कर्ज कुणी देईना. विचारलं असतं तर करू दिला असता तुम्ही?"

नसताच करू दिला. शिंप्यानं रागवायला तोंड उघडलं, पण समोर मुलाचा पडलेला चेहरा आणि तो बिनडोक्याचा पुतळा, रागवायचं कुणावर?

सुनेनं लगबगीनं एक शर्ट आणला. "बाबा, हा घालून बघा बरं."

शर्ट ढगळ झाला. मुलानं मागून कापड मुठीत गोळा करून धरलं. "आता बघा आरशात."

पुढून झकास दिसत होता. गिऱ्हाईक उभं राहतं तसा शिंपी उभा राहिला, हात अंगापासून जरा दूर धरून. पाठीला मुलाची मूठ लागत होती.

"घेऊन टाक," तो म्हणाला.

पैसे द्यायला त्यानं खिशात हात घातला, तशी दोघं एकदम म्हणाली, "छे छे, बाबा! तुम्ही काही द्यायचं नाही. आजचा सगळा खर्च आमचा."