जानूची नक्कल

देवराव मास्तरांनी जन्मात एकच नाटक लिहिलं, ‘नवी विहीर’, आणि त्याची वहीही एकच केली. अठ्ठावन्न साली अमरावतीच्या त्यांच्या वस्तीनं ते बुद्धजयंतीला केलं, मग आजूबाजूच्या पाच-सहा गावांतही नेलं. नऊ वर्षांनी ते पुन्हा बसवायचं ठरलं. मास्तरांनी हौसेनं लाकडी पेटी उघडली, तर वहीची माती झालेली. उधईनं पानं खाऊन पुठ्ठे तेवढे शिल्लक ठेवले होते.

मास्तरांना अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको केशरबाई म्हणाली, "वही गेली, पण नकला तं हायेत ना लोकायजवळ? बसून काहून राहिले?"

खरंच होतं. आख्खं नाटक तेव्हा कोणाच्या हाती देत नसत, एवढा कागद आणायचा कुठून? ज्याची त्याची भाषणं उतरवून द्यायची, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन शब्द. ही त्याची नक्कल. आठ जणांच्या आठ नकला मास्तरांनी स्वतः लिहिल्या होत्या.

मास्तर घरोघर हिंडले. एक नक्कल फडताळात डब्यांखाली अंथरलेली निघाली, एकीच्या पाठीवर पोरांनी बैल काढले होते, एक कोणी वंदनेच्या पुस्तकात जपून ठेवली होती. सात मिळाल्या. मास्तर खुशीत जोडायला बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. नाटकात पात्रं नऊ. नववा जानू, विहीर खोदणारा, नाटकाचा नायक. ते काम खुद्द मास्तरांचं, आणि "लिवलं मीच, मले कायले नक्कल?" असं म्हणून त्यांनी ती काढलीच नव्हती. अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा. जानूच्या बोलण्यांची शेपटं हाती होती, बाकी सगळं कोरं. आठवू म्हटलं, तर पन्नाशीच्या डोक्यात एक ओळ उभी राहीना.

उरलेली आठवी नक्कल डोमाजीची. वस्तीतल्या बाया तेव्हा नाटकात उभ्या राहत नसत, म्हणून जानूची बायको डोमाजी व्हायचा. आता तो अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होता. मास्तर एसटीनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेले. दार उघडलं ते झुपकेदार मिशीच्या, पोट सुटलेल्या गड्यानं.

"नक्कल तं हरपली, मास्तर," डोमाजी म्हणाला. "पण मले पाठ हाये. माह्यं बी, अन् तुमचं बी."

"माह्यं कसं?"

"तुमचं बोलणं संपल्याबिगर मी बोलू कसा? आयकून आयकूनच पाठ झालं."

मास्तरांना त्याला मिठी मारावीशी वाटली. त्यांनी दोन कार्बन घालून तीन कागद मांडले. एकदा हात पोळला होता, आता तिन्ही प्रती तीन घरी राहणार होत्या. डोमाजी सांगू लागला. जानूचं बोलणं छाती काढून, बायकोचं मान खाली घालून, बोट हनुवटीला लावून. त्याची पोरं दारात खिदळत होती. मास्तरांना मात्र तो गॅसबत्त्यांचा मांडव दिसत होता, पुढं बसलेल्या म्हाताऱ्या दिसत होत्या, त्यांतल्या कितीतरी आता नव्हत्या. लिहिताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

शेवटच्या प्रवेशाला डोमाजी अडला. विहिरीला पाणी लागतं, जानू ओंजळ भरून वर येतो आणि बायकोशी बोलतो. नाटकातलं सगळ्यात मोठं भाषण. मास्तरांनी ते सात वेळा खोडून लिहिलं होतं.

"हे नाही येत. शेवटी ‘चव पाह्य’ म्हणत होते, तेवढंच येते."

"एवढं सारं येते, अन् हेच काहून नाही?"

"तुमी थे बोलाले लागले का मले रडू येत जाये. दर खेपेले. कानात काही शिरेच ना. तुमचे ओठ थांबले का मी समजो, आता आपली पाळी."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. ज्यासाठी धडपड केली ते भाषण आता कुठंच नव्हतं. पण त्या भाषणाबद्दल इतकं चांगलं त्यांना नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"मंग आता का करायचं?" डोमाजीनं विचारलं.

मास्तरांनी ‘चव पाह्य’ हे दोन शब्द कागदाच्या पार तळाशी लिहिले. वरचं सगळं पान, तिन्ही प्रतींत, कोरं राहिलं.

"सांग," ते म्हणाले, "पुढचं तुह्यं बोलणं सांग."

डोमाजीनं तोंड उघडलं, पण दर खेपेसारखं त्याला आधी रडूच आलं.